सेहेचाळीस शिखरांचे व्रत

एखादे काम हाती घेणे सोपे असते. ते तडीस नेणे कठीण असते. हा अनुभव शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास व घरातील प्रत्येक पालकास आहे. जून महिन्यात नव्या वहीची पहिली पाने सुवाच्य अक्षरांनी भरून जातात. दिवाळीच्या सुमारास अक्षर बिघडू लागते. आणि वर्ष संपते तेव्हा निम्मी वही कोरीच राहिलेली असते. हे असे का होते, आणि ज्यांची वही शेवटच्या पानापर्यंत भरते ते काय निराळे करितात, याचा विचार करण्याकरिता आम्ही या लेखात एक दूरदेशीचे उदाहरण घेतले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी न्यूयॉर्क संस्थानात सेहेचाळीस शिखरांची एक प्रसिद्ध यादी आहे. ती सर्व शिखरे पायी चढून जाण्याचा संकल्प तेथील लोक करितात, व दरवर्षी शेकडो स्त्रीपुरुष तो पुरा करितात. हा प्रघात कसा पडला, त्याचे नियम कोणते, त्यातून कोणते हित झाले व कोणते अहितही झाले, हे आमच्या वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे.

१. मुलूख व शिखरे

न्यूयॉर्क म्हटले की गगनाला भिडणाऱ्या इमारतींचे शहर डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्या शहराच्या उत्तरेस सुमारे अडीचशे मैलांवर, त्याच नावाच्या संस्थानात, ॲडिरॉन्डॅक नावाचा मोठा अरण्यमय प्रदेश आहे. १८९२ साली या प्रदेशास उद्यान असे नाव देऊन त्याच्या सीमा आखण्यात आल्या. पुढे त्या वाढत गेल्या, व आज त्याचे क्षेत्र सुमारे साठ लक्ष एकर आहे. १८९४ साली संस्थानच्या घटनेतच असे कलम घालण्यात आले की, तेथील सरकारी रान सदैव रानच राहावे व त्यातील लाकूड कोणी तोडू अगर विकू नये.

या प्रदेशातील सर्वांत उंच शिखर मार्सी हे होय. त्याची उंची ५३४४ फूट. आपल्या कळसूबाईची उंची सुमारे ५४०० फूट आहे, म्हणजे दोन्ही शिखरे जवळजवळ एका बरोबरीची. तेथील दुसरे शिखर अल्गॉन्क्विन ५११४ फूट आहे, आणि आपल्या बागलाणातील साल्हेर त्याहून किंचित् उंच भरतो. परंतु आकडे सारखे म्हणून डोंगरही सारखे असतील, असे मात्र कोणी समजू नये. सह्याद्री विषुववृत्तापासून सुमारे एकवीस अंशांच्या आत आहे. मार्सी चव्वेचाळिसाव्या अंशाजवळ आहे. त्यामुळे आपल्याकडे ज्या उंचीवर करवंदीच्या जाळ्या व कारवी दिसते, त्या उंचीवर तेथे झाडे खुरटी होत होत अखेर नाहीशीच होतात आणि उघडा खडक लागतो. हा खडकही सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखा लाव्ह्याच्या थरांचा नसून अनॉर्थोसाइट नावाच्या फिकट करड्या जातीचा आहे. हिवाळ्यात वाटा बर्फाखाली गडप होतात. उन्हाळ्याच्या आरंभी काळ्या माश्यांचे थवे वाटसरूस चावून हैराण करितात, व पावसानंतर चिखलात पाय घोट्यापर्यंत रुततो.

मार्सी शिखराच्या अंगावर एक लहानसे तळे आहे. त्याच्या नावाचा अर्थ मेघांचा अश्रू असा होतो. १८७२ साली व्हर्प्लँक कॉल्व्हिन या भूमापकाने असे दाखवून दिले की, हडसन या मोठ्या नदीचा सर्वांत उंचावरचा उगम हाच होय. १३ सप्टेंबर १९०१ रोजी त्या वेळचे उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मार्सी चढून या तळ्याजवळ उतरले असता, अध्यक्ष मॅकिन्ली मरणोन्मुख असल्याची वार्ता घेऊन एक मनुष्य धावत आला. दुसरा दिवस उजाडला तेव्हा रूझवेल्ट हे त्या राष्ट्राचे अध्यक्ष झाले होते. या तळ्यातील पाणी हडसनमधून वाहत वाहत ट्रॉय नावाच्या गावावरून पुढे जाते. हे गाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील हकीकत तेथलीच आहे.

२. दोन भाऊ व एक वाटाड्या

न्यूयॉर्क शहरातील मार्शल नावाचे कुटुंब दर उन्हाळ्यात या प्रदेशातील सॅरनॅक सरोवराच्या काठी राहावयास जात असे. त्यांतील रॉबर्ट व जॉर्ज या दोघा मुलांनी कॉल्व्हिनचे मोजणीचे अहवाल वाचले होते, व त्यांच्या मनात तेथील शिखरांविषयी विलक्षण ओढ उत्पन्न झाली होती. १ ऑगस्ट १९१८ रोजी ते दोघे हर्बर्ट क्लार्क नावाच्या आपल्या कुटुंबाच्या जुन्या वाटाड्यास सोबत घेऊन व्हाइटफेस नावाच्या शिखरावर चढले. तेव्हा रॉबर्ट सतरा वर्षांचा व जॉर्ज चौदा वर्षांचा होता. म्हणजे आमच्या वरच्या वर्गातील मुलांच्याच वयाचे ते होते.

एक शिखर झाले, दुसरे झाले, तेव्हा त्यांस वाटले की आपण असे वाटेल तसे हिंडण्यापेक्षा काही नियम बांधून घ्यावा. चार हजार फुटांहून उंच अशी सर्व शिखरे चढावयाची, असा त्यांनी निश्चय केला. पण शिखर कशास म्हणावे? एकाच डोंगराच्या धारेवर दोन उंचवटे असले तर ते एक मानावे की दोन? याकरिता त्यांनी अशी अट ठरविली की, जो उंचवटा आपल्या सभोवारच्या भागाहून निदान तीनशे फूट वर उठलेला असेल, अथवा जवळच्या शिखरापासून निदान पाऊण मैल दूर असेल, तोच निराळे शिखर म्हणून धरावा. या अटीप्रमाणे प्रथम बेचाळीस शिखरे भरली. १९२२ साली ॲडिरॉन्डॅक गिरिसंघ नावाची नवी संस्था निघाली, व तिने त्याच वर्षी रॉबर्टने लिहिलेली या बेचाळीस शिखरांची पुस्तिका छापली. पुढे नकाशे अधिक बारकाईने पाहता आणखी चार शिखरे या अटीत बसतात असे आढळले. आपली पुस्तिका छापून झाली आहे, आता कोण पुन्हा चढणार, असे त्या भावांनी म्हटले नाही. ते उरलेली चारही चढले. १० जून १९२५ रोजी एमन्स या शिखरावर त्या तिघांची सेहेचाळीस शिखरे पुरी झाली.

या कामास सात वर्षे लागली. त्या वेळी कित्येक शिखरांवर वाट नव्हती. दाट स्प्रूस व फर वृक्षांच्या जाळीतून अंग ओरबाडून घेत, होकायंत्राच्या आधाराने दिशा धरून जावे लागे. मुले सुट्टीतच जात. शाळा व कॉलेज चुकवून गेली नाहीत. पालकांनी दुसरीही एक गोष्ट पाहावी. मुलांस रानात एकटे सोडलेले नव्हते. ज्यास ते रान अंगणासारखे ठाऊक होते, असा वडीलधारा मनुष्य प्रत्येक वेळी त्यांच्या संगे होता. धनिकाची मुले व त्यांच्या घरचा चाकर हा भेद या डोंगरांत उरला नाही. यादी पुरी करणारे पहिले तिघे म्हणून आजही त्या तिघांची नावे एकत्रच घेतली जातात.

रॉबर्ट पुढे वनशास्त्रज्ञ झाला, व रानांचे रक्षण करण्यासाठी १९३५ साली निघालेल्या एका राष्ट्रीय संस्थेच्या संस्थापकांपैकी तो एक होता. १९३९ साली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो निवर्तला.

३. ट्रॉय येथील मंडळी

१९२७ साली रसेल कार्सन नावाच्या गृहस्थांनी या शिखरांचा व त्यांच्या नावांचा इतिहास सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामुळे सेहेचाळिसांची यादी सामान्य लोकांच्या हाती आली. ट्रॉय या कारखान्यांच्या गावी ग्रेस मेथॉडिस्ट मंडळी नावाची एक ख्रिस्ती मंडळी होती. तिचे पाळक रेव्हरंड अर्नेस्ट रायडर व मंडळीतील एक सभासद एडवर्ड हुडोवाल्स्की हे दोघे मित्र डोंगरांत जाऊ लागले.

या दोघांनी सुरुवातीस सर्व शिखरे चढण्याचा विचारही केलेला नव्हता. पंचवीस झाली म्हणजे पुरे, असे त्यांनी ठरविले होते. चढता चढता सत्तावीस झाली. तेव्हा म्हणाले, तीस करू. तीस झाली, आणि मग उरलेल्या सोळांसाठी थांबण्याचे कारणच राहिले नाही. १९३६ साली भर पावसात ते दोघे एकमेकांच्या हातात हात घालून डिक्स या आपल्या शेवटच्या शिखरावर पोहोचले, व तेथेच उभे राहून त्यांनी प्रार्थना केली. त्या दिवशी दूरचे काही दिसले नसेल. पाऊस व ढग यांखेरीज दुसरे काय दिसणार? तथापि आनंद उणा पडला नाही.

पुढील वर्षी या मंडळीतील माणसांचा मिळून एक संघ बनला. त्याचे नाव 'फॉर्टी-सिक्सर्स ऑफ ट्रॉय', म्हणजे ट्रॉयचे सेहेचाळीसवाले. नामांकित गिर्यारोहकांचा तो संघ नव्हता. आठवडाभर आपापला व्यवसाय करावयाचा, रविवारी उपासनेस जावयाचे, आणि सवड सापडेल तेव्हा शंभराहून अधिक मैल प्रवास करून डोंगर गाठावयाचा, अशी ही साधी माणसे होती. ट्रॉयबाहेरचे लोकही यादी पुरी करू लागल्यावर १९४८ साली या लहान संघाच्या जागी सर्वांकरिता खुला असा 'ॲडिरॉन्डॅक फॉर्टी-सिक्सर्स' हा संघ स्थापन झाला. तो आजही चालू आहे, व यादी पुरी करणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली आहे.

४. पत्रास उत्तर

या संघाचे खरे बळ कोणते, असे विचारल्यास आम्ही एका बाईंचे नाव घेऊ. एडवर्ड हुडोवाल्स्की यांच्या पत्नी ग्रेस यांनी १९२२ साली, सोळा वर्षांच्या असताना, प्रथम मार्सी शिखर चढले. निघण्यापूर्वी वडिलांनी मुलीस सांगितले होते की, माथ्यावर पोहोचतेस की नाही याला महत्त्व नाही. कशी चढतेस याला महत्त्व आहे. वाट बिकट होती. काही ठिकाणी त्यांना हातापायांवर रांगत जावे लागले. माथ्यावर ढग दाटले होते. पण क्षणभरच ते बाजूस सरले, आणि खाली तो मेघांचा अश्रू त्यांच्या दृष्टीस पडला. तेव्हापासून डोंगरांनी त्यांस जे बांधून ठेवले ते कायमचे. २६ ऑगस्ट १९३७ रोजी एस्थर नावाच्या शिखरावर त्यांची यादी पुरी झाली. सेहेचाळीस पुरी करणाऱ्या त्या नवव्या व्यक्ती व पहिल्या स्त्री होत. एस्थर हे नावही एका मुलीचेच आहे. १८३९ साली एस्थर मकोम नावाची पंधरा वर्षांची मुलगी व्हाइटफेसकडे जात असता वाट चुकून या शिखरावर पोहोचली, अशी परंपरागत कथा आहे. तिच्या स्मरणार्थ शंभर वर्षांनी, १९३९ साली, ट्रॉयच्या संघाने तेथे एक धातूचा पट बसविला.

ग्रेसबाई संघाच्या इतिहासलेखिका झाल्या. संघाचा शिरस्ता असा होता की, ज्यास यादी पुरी करावयाची असेल त्याने चढाईची हकीकत पत्राने कळवावी: कोणत्या दिवशी गेलो, सोबत कोण होते, हवा कशी होती, वाटेत काय पाहिले. ही पत्रे ग्रेसबाई स्वतः वाचीत व प्रत्येकास स्वतः उत्तर लिहीत. कोणी लिहावे की आज पावसाने झोडपले व माथा गाठता आला नाही. त्यास धीराचे उत्तर जावे. कोणा लहान मुलाने चार ओळी खरडाव्यात. त्यासही तितक्याच आस्थेने उत्तर जावे. हे काम त्यांनी अनेक दशके केले. त्या २००४ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, वारल्या. २०१४ साली या सेहेचाळिसांपैकी पूर्वी ईस्ट डिक्स म्हटल्या जाणाऱ्या शिखरास 'ग्रेस शिखर' असे नाव अधिकृतपणे देण्यात आले.

या पत्रव्यवहारात शिक्षणाचे एक मोठे तत्त्व आहे, असे आम्हांस वाटते. शिखरावर परीक्षक बसलेला नसतो. पूर्वी वाट नसलेल्या शिखरांवर एका डब्यात वही ठेवलेली असे व चढणारा तीत आपले नाव लिही. परंतु पुढे त्या वह्याही काढून घेण्यात आल्या. तेव्हा अमुक मनुष्य चढला की नाही, याचा पुरावा म्हणजे त्याचा स्वतःचा शब्द. खोटे लिहिणारास कोण अडविणार? पण ज्यास ठाऊक आहे की आपले पत्र कोणीतरी मन लावून वाचणार आहे, त्यास खोटे लिहिण्याची इच्छाच होत नाही. पहारा ठेवून प्रामाणिकपणा शिकविता येत नाही; विश्वास ठेवून तो शिकविता येतो.

५. यादी चुकली तेव्हा

मार्शल बंधूंनी यादी केली ती त्या काळच्या नकाशांवरून. पुढे सरकारी मोजणी अधिक सूक्ष्म साधनांनी झाली, तेव्हा एक अडचण उत्पन्न झाली. यादीतील चार शिखरे चार हजार फुटांपर्यंत पोहोचतच नाहीत, असे दिसून आले. ब्लेक व क्लिफ यांची उंची प्रत्येकी ३९६० फूट, नाय ३८९५ फूट, आणि कूचसाक्रागा तर अवघे ३८२० फूट निघाले. उलट मॅकनॉटन नावाचे यादीबाहेरचे शिखर एका मोजणीत बरोबर चार हजार फूट भरले.

आता काय करावे? हिशेबी मनुष्य म्हणेल, चार काढा व एक घाला. संघाने तसे केले नाही. मूळ यादी जशीच्या तशी ठेविली. त्यांचे म्हणणे असे की, पहिले तिघे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने मागून येणाऱ्याने जावे. तरच सर्वांचे श्रम एका मापाने मोजले जातील. नव्या मोजणीचे आकडे त्यांनी लपविले नाहीत, नाकारलेही नाहीत. उंची किती हे भूमापकाने सांगावे, व आपला संकल्प कोणता हे आपण ठरवावे, इतकाच भेद त्यांनी केला.

कूचसाक्रागा या शिखराचे उदाहरण बोधप्रद आहे. ते यादीत सर्वांत ठेंगणे. तेथे जाण्यास आधी एका मोठ्या डोंगराच्या धारेवर चढावे, मग पलीकडे खोल उतरावे, वाटेत दलदल तुडवावी, मग माथा गाठावा. आणि येताना तीच दलदल तुडवून तीच धार पुन्हा चढावी. माथ्यावरून मोठासा देखावाही दिसत नाही. यादी नसती तर तेथे फारसे कोणी फिरकले नसते. परंतु जे गेले ते म्हणतात की त्या दलदलीत उभे राहिल्यावर जी निःशब्दता अनुभवास येते ती मार्सीवरील गर्दीत येत नाही. आपल्या अभ्यासक्रमातही प्रत्येकाचे एक कूचसाक्रागा असते. कोणास ते व्याकरण वाटेल, कोणास भूमिती. मनास आवडेल तेवढेच शिकावयाचे म्हटले तर तेथे आपण कधी जाणार नाही. आणि तेथे गेल्यावाचून काय मिळते हेही कळणार नाही.

६. पायांखालची रोपे

येथवर हितच सांगितले; आता अहितही सांगणे प्राप्त आहे. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी या प्रदेशावरील बर्फाचे प्रचंड थर वितळून मागे हटले. त्या काळी तेथे उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात वाढणारी रोपे रुजली होती. पुढे हवा उबदार झाली, खाली दाट अरण्य वाढले, आणि ही थंडीची रोपे केवळ सर्वांत उंच माथ्यांवर शिल्लक राहिली. त्या सर्व माथ्यांवरची अशी जमीन एकत्र केली तरी ती दोनशे एकरांहून कमी भरते. ही रोपे बोटभर उंचीची, अत्यंत सावकाश वाढणारी; वारा व बर्फ सोसणारी, पण बुटाचा दाब न सोसणारी. माणसांच्या पायांनी रोप मेले की त्याच्या मुळांनी धरलेली वीतभर माती उघडी पडते, पाऊस ती धुऊन नेतो, आणि शेवटी नुसता खडक उरतो.

सेहेचाळिसांची कीर्ती वाढली, तसतशी हजारो माणसे माथ्यांवर येऊ लागली. जेथे वाट नव्हती तेथे ज्याने त्याने आपली वाट पाडली, व एका डोंगरावर दहा दहा चिखलाच्या पायवाटा झाल्या. डोंगरांवरील प्रेमानेच डोंगर झिजू लागले. संघापुढे मोठा प्रश्न उभा राहिला: आपण लोकांस येथे आणतो, मग या नुकसानीचे धनी कोण?

या प्रश्नास संघाने श्रमाने उत्तर दिले. एडविन केचलेज नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनी असा प्रयोग केला की, उघड्या पडलेल्या मातीत साध्या गवताचे बी, चुना व खत घालून प्रथम माती धरून ठेवावी; मग त्या आसऱ्याने मूळची रोपे आपण होऊन परत येतात. प्रयोग यशस्वी झाला. संघाच्या सभासदांनी या कामी हात लाविला; वाटा दुरुस्त करणे, पडलेली झाडे दूर करणे, दलदलीवर ओंडके टाकणे ही कामेही अंगावर घेतली. १९८९ सालापासून उन्हाळ्यात काही माथ्यांवर शिखररक्षक उभे राहतात. ते कोणास दंड करीत नाहीत. आलेल्यास नमस्कार करून सांगतात की, या गवतासारख्या दिसणाऱ्या वस्तू फार प्राचीन व दुर्मिळ आहेत, तरी कृपा करून खडकावरूनच चालावे. काही ठिकाणी पायथ्याशी दगडांचा ढीग ठेवलेला असतो. चढणाराने त्यातील एक दगड पाठीवर घेऊन माथ्यावर न्यावा, व तेथे तो वाटेची कड बांधण्यास अगर उघडी माती झाकण्यास उपयोगी पडावा, अशी योजना आहे.

आमच्या मते या सर्व हकीकतीचे सार या दगडात आहे. पहिल्या काळी मनुष्य शिखरावरून काय मिळाले ते सांगत खाली येई. आता तो शिखरासाठी काहीतरी घेऊन वर जातो. जो यादी पुरी करितो त्याचे काम संपत नाही. ज्या वाटेने तो आला ती मागून येणारासाठी राखण्याचे काम तेथून सुरू होते.

७. आपण काय घ्यावे

पहिली गोष्ट ही की, संकल्प मोजका व स्पष्ट असावा. 'मी पुष्कळ वाचीन' या संकल्पास शेवट नाही, म्हणून तो पुरा होत नाही. 'या वर्षी ही बारा पुस्तके वाचीन' हा संकल्प पुरा होऊ शकतो. दुसरी गोष्ट, संपूर्ण पल्ला पाहून भय वाटत असेल तर रायडर व हुडोवाल्स्की यांच्याप्रमाणे जवळची खूण धरावी. पंचवीस झाल्यावर तीस दिसू लागतात. तिसरी गोष्ट, परत फिरण्यात कमीपणा मानू नये. अंधार पडत असता, वादळ उठले असता, अगर सोबतीचा पाय मुरगळला असता जो हट्टाने वर जातो तो शूर नव्हे. डोंगर उद्याही तेथेच असतो.

चौथी गोष्ट पालकांकरिता आहे. मुलाने काय केले हे विचारणारे व त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकणारे एक मनुष्य घरात असावे. गुणपत्रिकेवर सही करण्यास क्षणभर लागतो. पण मुलाने सांगितलेली हकीकत मन लावून ऐकण्याने जे घडते ते सहीने घडत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेस जाण्याची गरज नाही. आपल्या गावाभोवती टेकड्या, गड, नद्यांची उगमस्थाने आहेतच. चार-पाच जणांनी मिळून, एखाद्या शिक्षकास अगर वडीलधाऱ्या माणसास सोबत घेऊन, पाऊस सरल्यावर आरंभ करावा. दहाच ठिकाणांची यादी करावी. एक वही ठेवावी. तीत तारीख, सोबती, निघण्याची व परतण्याची वेळ, पाणी कोठे मिळाले, कोणती झाडे व पाखरे पाहिली, वाट सांगणाऱ्या गावकऱ्यांनी त्या जागेविषयी काय सांगितले, हे लिहावे. जे पाहिले तेच लिहावे. जेथून परत फिरलो तेही लिहावे. येताना दुसऱ्यांनी टाकलेला कचरा पिशवीत भरून आणावा. अशी एक वही शेवटच्या पानापर्यंत भरली, तर शाळेतील दुसऱ्या वह्याही भरू लागतील, अशी आमची खात्री आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मार्शल बंधूंनी शिखर ठरविण्याची जी अट घातली, तीप्रमाणे आपल्या गावाजवळच्या डोंगरधारेवर किती शिखरे भरतील?

२. कळसूबाई व मार्सी यांची उंची जवळजवळ सारखी असता माथ्यावरील वनस्पतींत एवढा फरक का पडतो?

३. चार शिखरे चार हजार फुटांहून कमी निघाल्यावर संघाने यादी बदलली नाही. हे योग्य झाले काय? दोन्ही बाजू मांडा.

४. एखाद्या चांगल्या गोष्टीवर पुष्कळांचे प्रेम जडल्याने तिचेच नुकसान होते, असे आपल्या पाहण्यातील एक उदाहरण द्या व त्यावर उपाय सुचवा.

५. आपल्या अभ्यासातील कूचसाक्रागा कोणते, हे प्रत्येकाने आपल्याशी ठरवावे. याचे उत्तर वर्गात सांगण्याची आवश्यकता नाही.